हजेरी पूर्ण, प्रगती समाधानकारक

इस्लापूर,
१२ जून २००१

सिद्धू,
शरणार्थ.

बघ, अजून तुझाच नमस्कार मी आधी घालतो. नांदेडच्या डी.एड. वसतिगृहात ठरलं होतं, तू मला जयभीम म्हणायचं आणि मी तुला शरणार्थ. सत्तावीस वर्षं झाली, मी मोडलं न्हाई. तू लातूरचा नावाजलेला गणिताचा मास्तर झालास, तू मोडलं असशील तर तसं कळव.

हे पत्र घेऊन जी पोरगी तुझ्यासमोर उभी आहे तिचं नाव तूबा. सोबतचे तिचे वडील, जिलानीभाई. आमच्या बाजारात टेलरकी करतात. आमच्या शाळेत आठवीपर्यंतच वर्ग आहेत, म्हणून नववीला तुझ्या शाळेत पाठवून राहिलो. तिसरीपासून सहा वर्षं ती माझ्या हाताखाली आहे. मला फळ्यावर लिहिता लिहिता मोठ्यानं बोलायची खोड, तुला ठाऊकच आहे, तू त्यावरून माझी टिंगल करायचास. तर माझी ओळ फळ्यावर संपायच्या आत हिची वहीत संपलेली असते. एकदा कानावर पडलं की पुन्हा सांगायचं काम न्हाई. अक्षर असं की तुझ्या-माझ्या तोंडात मारावं. लिहिताना वहीत नाक खुपसून बसते, तेवढी एक वाईट सवय. ती तुझ्या छडीनं मोडेल.

आई वहिदाभाभी पाठवायला तयार नव्हती. म्हणाली, गुरुजी, ही पोरगी रडत न्हाई, सांगत न्हाई, हिला काही झालं तर आम्हाला कळणार कसं? मी म्हटलं, जिम्मा माझा. लातूरला माझा सख्ख्या भावासारखा माणूस आहे. जिलानीभाईला उर्दू येतं, मराठी वाचता येत न्हाई, तेव्हा जे काही कळवायचं ते माझ्या पत्त्यावर कळव.

माझा शब्द तुझ्या पदरात टाकला आहे. सांभाळ.

तुझा
लिंबाजी हनवते

०

लातूर,
२४ जून २००१

लिंबाजी,
जयभीम. मोडलेलं नाही. फक्त म्हणायला इथं कुणी भेटत नाही.

तुझ्या मुलीचा प्रवेश झाला. नववी अ, क्रमांक ७३. प्रवेश-चाचणी तोंडी घेतली, तिच्यात चांगले गुण आले, म्हणून तिसऱ्या बाकावर बसवली आहे. मुलींच्या वसतिगृहात सोय झाली.

आमची पद्धत तुला सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून बोंब नको. दर पंधरा दिवसांनी रविवारी चाचणी. गुणांप्रमाणे बाक. पहिले सहा पहिल्या बाकावर, मग पुढचे सहा, असं करत पंधराव्या बाकापर्यंत. ही माझी कल्पना आहे, संस्थेनं सगळ्या वर्गांना लागू केली. मागच्या बाकावर गेलेलं पोर पेटून उठतं आणि पुढे येतं. महाराष्ट्रभरातून पालक उगाच रांगा लावत नाहीत.

माझ्या तासाला वर्गात आवाज नसतो. मी बोलत नाही, खडू बोलतो. तासाला चाळीस गणितं फळ्यावर होतात. तू तोंडाची वाफ दवडत एका तासात चार करायचास.

प्रत्येक विद्यार्थ्याकडून जूनमध्येच वीस पोस्टकार्डं घेतो. घरचा पत्ता त्यानंच स्वतःच्या हातानं लिहायचा. दर चाचणीनंतर एक कार्ड घरी जातं. तुझ्या ७३ नं वीसही कार्डांवर तुझाच पत्ता घातला आहे. अक्षर खरंच चांगलं आहे.

निश्चिंत राहा.

तुझा
सिद्धलिंग मठपती

०

इस्लापूर,
३० सप्टेंबर २००१

सिद्धू,
शरणार्थ.

आजची तारीख बघून पत्र लिहायला बसलो. तू आज जेवला नसशील, मला ठाऊक आहे. आठ वर्षं झाली. भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी मुदखेडहून ब्लँकेटांचा ट्रक घेऊन तुझ्या त्या गावात आलो होतो तेव्हा तू शाळेच्या ओट्यावर हजेरीपट मांडीवर घेऊन बसला होतास. जास्त काही लिहीत न्हाई. संध्याकाळी दोन घास खा, एवढंच.

तुझी कार्डं वेळेवर येतात, घड्याळ लावावं अशी. पोस्टमन माझ्या घरापर्यंत यायचा कंटाळा करतो, रस्त्यावरच जिलानीभाईच्या दुकानात टाकतो. जिलानीभाई मशीन थांबवून कार्ड हातात धरून माझ्याकडं येतो, मागं वहिदाभाभी. मी वाचतो, ‘हजेरी पूर्ण. प्रगती समाधानकारक.’ जिलानीभाई अल्हम्दुलिल्लाह म्हणतो आणि दुकानात नेऊन चहा पाजल्याशिवाय सोडत न्हाई. भाभीला वाचता येत न्हाई, पण ती कार्ड उलटं करून पत्त्याचं अक्षर बघत बसते. पोरीच्या हातचं आहे ना. तिला वाटतं आताच लिहून उठली.

पण गड्या, तू लई तुसडा झालास. चार शब्द जास्त लिहिले तर खडू झिजतो का? आणि ते ७३ काय लावलंय? तूबा नाव आहे तिचं. जन्नतमधल्या एका झाडाचं नाव आहे म्हणे, ती तिसरीत आली तेव्हा जिलानीभाईनं सांगितलं होतं. माणसाला नंबर तुरुंगात देतात.

तुझा
लिंबाजी

०

लातूर,
१४ ऑक्टोबर २००१

लिंबाजी,
जयभीम.

माहीत असून विचारतोस, म्हणून एकदाच लिहितो. पुन्हा विचारू नकोस.

त्या दिवशी तहसीलदारांनी माझ्याकडून हजेरीपट मागितला. गावात कोण उरलं ते कळायला दुसरा कागदच नव्हता. मी ओट्यावर उभा राहून नावं वाचली. सदतीस नावं. एकेक नाव घ्यायचं आणि थांबायचं. एकोणीस नावांना कुणीच ‘हजर’ म्हणालं नाही. काहींच्या वेळी मागे उभ्या आयांनी हंबरडा फोडला, काहींच्या वेळी रडायलाही कुणी नव्हतं. तू माझ्या शेजारी उभा होतास, लिंबाजी. तू माझा खांदा धरला होतास.

त्यानंतर मी कुणाही पोराचं नाव जिभेवर येऊ दिलेलं नाही. आकडा घेतला की आकडाच जातो. ह्याला तू तुरुंग म्हण नाहीतर काहीही म्हण. ह्या आकड्यांनीच आठ वर्षांत चौदा पोरं बोर्डाच्या यादीत नेली.

राहिलं तुझ्या मुलीचं. ऑगस्टपासून ती मागे जाते आहे. तिसऱ्यावरून सातव्या, सातव्यावरून अकराव्या बाकावर. घाबरू नकोस, खेड्यातल्या पोरांची पहिली सहामाही अशीच जाते. दिवाळीच्या सुट्टीत जादा तास आहेत, तेव्हा घरी पाठवत नाही.

तुझा
सिद्धलिंग

०

इस्लापूर,
२० डिसेंबर २००१

सिद्धू,
शरणार्थ.

तुझं ते पत्र वाचून दोन महिने मला उत्तर लिहायचं धाडस झालं न्हाई. माझी चूक झाली. पुन्हा नंबरावरून बोलणार न्हाई.

ईदला पोरीला दोन दिवस सोडलंस, भलं झालं. रविवारी आली, मंगळवारी सकाळच्या गाडीनं गेली. वाळली आहे. बोलणं तर आधीच कमी, आता बोट घालून शब्द काढावा लागतो. जिलानीभाईनं हिरव्या रंगाचा ड्रेस शिवला होता, तो घालून माझ्या पाया पडायला आली. मी विचारलं, कसं काय चाललंय? म्हणाली, ठीक आहे. मी विचारलं, लातूरचे सर कसे आहेत? म्हणाली, हुशार आहेत.

काल वहिदाभाभी एकटीच आली. ही बाई कधी एकटी येत न्हाई. म्हणाली, गुरुजी, पोरगी पाण्याचा तांब्या पेल्याच्या बाहेर ओतते. दुकानात सुई ओवून द्यायचं काम लहानपणापासून तिचंच, तर दोरा सुईच्या बाजूला हवेत घालत होती. उजव्या अंगाला कुणी बसलं तर सगळं तोंड वळवून बघते. भाभीचं म्हणणं, पोरीला कुणी काही केलं. नजर लागली किंवा आणखी काही. मी हसलो. शेल्फावर नऊ तारखेचं तुझं कार्ड होतं, ते काढून पुन्हा वाचून दाखवलं. म्हटलं, भाभी, अभ्यासानं पोरं अशीच हरवल्यासारखी होतात, तुमच्या पोरीचं चित्त गणितात आहे. ती कार्डाकडं बघत उभी राहिली आणि गेली. आईचं मन, दुसरं काय.

तरी तू जरा खाण्यापिण्याकडं बघ तिच्या.

तुझा
लिंबाजी

०

लातूर,
६ जानेवारी २००२

लिंबाजी,
जयभीम.

वसतिगृहात जेवण चांगलं आहे. प्रश्न जेवणाचा नाही.

कार्डावर जाणारं आणि मी मित्र म्हणून सांगतो ते वेगळं. पूर्वी आम्ही कार्डावर गुण लिहायचो, पालक सोमवारी फाटकाशी येऊन रडायचे. म्हणून संस्थेनं मजकूर ठरवून दिला. खरं असं आहे की ७३ शेवटच्या बाकावर आहे आणि पेटून उठत नाही. फळ्यावरचं उतरवून घेत नाही. शेजारणीच्या वहीत डोकावते, त्याबद्दल दोनदा वर्गाबाहेर उभी केली. घरी पाठवलं ते चुकलं, आल्यापासून आणखी मंद झाली आहे. तू तिला जे डोक्यावर चढवून ठेवलं होतंस ना, त्याचा हा परिणाम. गावातली हुशारी गावातच राहते.

तू एक कडक पत्र लिही तिला. तुझं ऐकेल.

सिद्धलिंग

०

लातूर,
२७ जानेवारी २००२

आदरणीय गुरुजी,
आदाब.

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही रागावलात ते बरोबर आहे. माझं अक्षर असं वाकडं येत आहे म्हणून माफ करा, ओळ सापडत नाही.

मी चोरी करत नाही गुरुजी. मागच्या बाकावरून फळा दिसत नाही. आधी तिसऱ्या बाकावरूनही दिसत नव्हता, पण तिथं सर लिहिताना खडूचा आवाज जवळून यायचा आणि आकडा थोडा थोडा कळायचा. मग मागे गेले तसं तेही बंद झालं. इथला फळा ऐकू येत नाही. शेजारच्या मुलीच्या वहीत बघायचे, ती आता हाताने वही झाकते. तिचं बरोबर आहे, तिचा बाक जाईल.

ऑगस्टमध्ये मी सरांना सांगितलं होतं की मला दिसत नाही. सर म्हणाले, दिसायचं असेल तर मार्क घे आणि पुढे ये. मग पुन्हा सांगितलं नाही.

ईदच्या आठ दिवस आधीपासून उजव्या डोळ्यात विजा चमकल्यासारखं व्हायचं. आता चमकत नाही. त्या डोळ्यात खालून काळं चढत वर आलं आहे. दुखत काहीच नाही. अम्मीला सांगू नका, ती मला परत नेईल आणि तुमचं नाव जाईल. पुढच्या चाचणीत मी चांगले मार्क आणायचा प्रयत्न करते.

तुमची विद्यार्थिनी
तूबा

०

नांदेड,
९ फेब्रुवारी २००२

मठपती सर,
नमस्कार.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहून राहिलो. आत जिलानीभाई आणि वहिदाभाभी पोरीजवळ आहेत. मला आत बसवत न्हाई.

तिचं पत्र ३१ तारखेला आलं आणि दुसऱ्या दिवशी तुझं कार्ड. ‘हजेरी पूर्ण. प्रगती समाधानकारक.’ दोन्ही शेजारी ठेवली. पत्रातल्या ओळी एकमेकींवर चढलेल्या, अक्षर बोराएवढं. आणि कार्डावरचा पत्ता मोत्यासारखा. एकाच आठवड्यात एकाच हातानं ही दोन अक्षरं निघतील का? सत्तावीस वर्षं वह्या तपासल्या मी. तेव्हा डोक्यात लख्ख झालं. वीसच्या वीस पत्ते तिनं जूनमध्ये लिहिले होते, तू मला स्वतः कळवलं होतंस. आठ महिने आम्ही जूनमधली पोरगी बघत होतो आणि चहा पीत होतो.

लातूरच्या शाळेत आलो तो दिवस तुला आठवत असेल. माझ्यासाठी नसेल, पण बाहेर तिचा बाप उभा होता म्हणून. मी म्हटलं, तूबाला न्यायला आलो. तू म्हणालास, “कोणती? क्रमांक सांग.” ती तुझ्यापासून चार हातांवर उभी होती, सिद्धू. आठ महिने ती तुझ्या वर्गात बसली. मी तिथं भांडलो न्हाई, कारण बस चुकली असती.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. दोन्ही डोळ्यांना लहानपणापासूनच फार मोठा नंबर आहे, कधी कुणी तपासलाच न्हाई. असल्या डोळ्यांचा आतला पडदा नाजूक असतो. उजव्याचा पडदा सुटला आहे, आधी आणायला पाहिजे होतं, आता त्या डोळ्यानं दिसणार न्हाई. डाव्याचा पडदा एका जागी विरला आहे, तो लेझरनं टाचून घेताहेत. मग जाड चष्मा लागेल. त्यानं वाचता येईल म्हणतात, सांभाळून.

चौदा वर्षांची पोर तुझ्याकडं येऊन तोंडानं सांगते, मला दिसत न्हाई, आणि तू तिला मार्क मागतोस. भूकंपात तुझी पोरं मातीखाली गेली, तो तुझा गुन्हा नव्हता. मी तुझा खांदा धरला तो त्याच्यासाठी. पण ही पोरगी मातीखाली न्हवती. उजेडात बसली होती, तुझ्यासमोर, पंधराव्या बाकावर. तुझं दुःख मोठं आहे म्हणून दुसऱ्याच्या लेकराचा डोळा त्यात खपवून घेऊ का मी?

लाज वाटते मला, तुला भाऊ म्हटल्याची.

लिंबाजी हनवते

०

लातूर,
२४ फेब्रुवारी २००२

लिंबाजी,
जयभीम. तू घेतलास नाही घेतलास, मी घालतो.

चार वेळा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहितो.

ऑगस्टमधलं मला आठवत नाही. खोटं बोलत नाही, खरंच आठवत नाही. पण ते वाक्य माझंच आहे. मी ते वर्षातून वीस-पंचवीस पोरांना बोलतो. गेल्या आठ वर्षांत किती पोरांना खरोखरच दिसत नव्हतं, हे आता मोजायला गेलो तर मी शाळेत पाऊल ठेवू शकणार नाही.

कार्डांचंही सांगतो. ती मी लिहीत नाही. जूनमध्ये गठ्ठे जमा झाले की बसवंत कारकून सगळ्यांवर एका बैठकीत शिक्का मारतो आणि चाचणीच्या दुसऱ्या दिवशी एकेक पेटीत टाकतो. मी सहीसुद्धा करत नाही. तुझ्या मुलीची उरलेली कार्डं काढून ठेवायला मी त्याला सांगितलं आहे. बाकांची पद्धत बंद करावी म्हणून संस्थेकडे गेलो. अध्यक्ष म्हणाले, मठपती सर, तुमचीच कल्पना, तिच्यावर शाळा उभी आहे. एका मुलीच्या चष्म्यासाठी मोडायची का?

आणि आता तुला राग येईल ते लिहितो. तू माझ्याकडे आठ महिन्यांचा हिशेब मागितलास. ती तुझ्याकडे सहा वर्षं होती. नाक खुपसून लिहिते, ही सवय आहे असं तूच मला लिहिलंस. ईदला ती घरी आली होती. आईनं तुला येऊन सांगितलं, पेल्याच्या बाहेर पाणी ओतते. तू माझं कार्ड वाचून दाखवलंस. तुझं ते पत्र माझ्यासमोर आहे. मी आंधळा होतोच, पण लिंबाजी, तुला तर दिसत होतं ना?

डाव्या डोळ्याचं काय झालं, ते तरी कळव.

सिद्धलिंग

०

इस्लापूर,
१७ मार्च २००२

सिद्धू,
शरणार्थ.

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा चुलीत घातलं. मग अर्धं जळलेलं बाहेर काढलं.

डावा डोळा टिकला. चष्मा आला. काचा सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारख्या. गावी आल्यावर तिनं तो घातला आणि शाळेच्या अंगणातल्या लिंबाच्या झाडाकडं कितीतरी वेळ बघत राहिली. म्हणाली, पानं वेगवेगळी असतात हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं झाड एक हिरवा ढीग असतं. जिलानीभाई हसला. मी त्या झाडाखाली पोरांना पाच वर्षं कविता शिकवल्या.

तुला नांदेडहून लिहिलं त्यात एक वाक्य मी गाळलं होतं. डॉक्टर नुसतं ‘आधी आणायला पाहिजे होतं’ म्हणाले न्हवते. त्यांनी विचारलं, चमकायला कधी लागलं? पोरगी म्हणाली, ईदच्या आठ दिवस आधी. डॉक्टर म्हणाले, “ईदला घरी आली तेव्हाच आणली असती तर डोळा वाचला असता.” खोलीत आम्ही चौघं होतो. जिलानीभाईनं मान खाली घातली, स्वतःलाच दोष देत. वहिदाभाभीनं माझ्याकडं बघितलं. एकदाच. त्या बाईनं आजपर्यंत नवऱ्याला सांगितलं न्हाई की ती माझ्याकडं आली होती. चहा अजून देते, पण कप जमिनीवर ठेवते आणि तोंड फिरवून आत जाते. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर मला झोप लागली असती.

आणि ऐक, तुझ्या बसवंत कारकुनाचा कारभार. परवा कार्ड आलं. ११ मार्चचा पोस्टाचा शिक्का. जिलानीभाईनं सवयीनं मशीन थांबवलं आणि कार्ड घेऊन मला घरी बोलवायला आला. खाटेवर तूबा बसलेली, नवा चष्मा घालून. भाभी दारात. जिलानीभाई म्हणाला, वाचा गुरुजी, काय म्हणतात लातूरवाले? मी काय करू? वाचलं. ‘हजेरी पूर्ण. प्रगती समाधानकारक.’ मग पोरगीच मला समजावायला लागली, सिद्धू. म्हणाली, “गुरुजी, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही फळ्यावर लिहिताना बोलायचे, मी ऐकून लिहायची. मला वाटायचं सगळेच ऐकून लिहितात, फळा फक्त मास्तरांसाठी असतो.”

म्हणजे माझ्या ज्या बडबडीचं मी तुला मिरवून सांगायचो, तिनंच सहा वर्षं तिचे डोळे झाकून ठेवले. तू गप्प राहून तिला मागं ढकललंस, मी बोलून बोलून तिला काही कळू दिलं न्हाई. तुला आकडा ठाऊक होता, मला नाव ठाऊक होतं, एवढाच फरक.

निघताना जिलानीभाईनं माझे दोन्ही हात धरले. म्हणाला, “गुरुजी, तुमी होते म्हणून एक आँख तरी वाचली. हमारी तूबा तुमच्याच शाळेत बसंल आता.” मी त्याला खरं सांगितलं न्हाई. सांगायला तोंड उघडलं आणि नमस्कार करून निघालो. असा मी मास्तर.

तिला वरचा वर्ग आमच्याकडं न्हाई, घरी शिकवून बाहेरून दहावीला बसवायचं ठरवलं आहे. रोज संध्याकाळी जातो. भाभी दार उघडते.

आता जे लिहितो ते भांडण म्हणून घेऊ नकोस. काल मी वर्गात गेलो, फळ्यावर एक ओळ लिहिली आणि तोंड बंद ठेवलं. पोरं गोंधळली, मास्तर आजारी पडले का काय. मग एकेकाला मागं उभं करून वाचायला लावलं. चव्वेचाळीस पोरांत तिघांना वाचता आली न्हाई. लिंबाच्या झाडाखाली बसणाऱ्या त्याच पोरांतली तिघं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं मी.

तूही कर. उद्याच कर. संस्था बाक हलवू देत नसेल तर नको, फळ्यावर एक ओळ लिही आणि शेवटच्या बाकाला वाचायला लाव. किती निघाले ते मला कळव. आकडा नको, नावं कळव.

लिंबाजी

०

(पोस्टकार्ड. पत्ता तूबाच्या अक्षरातला. मागच्या बाजूला वर शाळेचा शिक्का आधीच मारलेला: ‘हजेरी पूर्ण. प्रगती समाधानकारक.’ त्याखाली पेनानं)

लातूर,
२७ मार्च २००२

लिंबाजी,
जयभीम.

तिची तीन कार्डं उरली होती. बसवंतकडून काढून घेतली. दुसरा कागद हाताशी असूनही ह्यावरच लिहितो आहे.

शेवटचे तीन बाक तपासले. अठरातल्या सात जणांना वाचता आलं नाही. मुनीब. सिंधु. नीलम्मा. संघपाल. अलीझा. भागिरथी. रूपाली. सातही घरी ह्याच महिन्यात असंच कार्ड गेलेलं आहे.

नावं मला ठाऊक नव्हती. एकेकाजवळ जाऊन विचारावी लागली. पहिलं नाव हजेरीपटाच्या कडेला लिहायला खाली बसावं लागलं. पोरं उभी राहून बघत होती.

सिंधु नावाची मुलगी रडायला लागली. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, “सर, नाव कशाला विचारता? शाळेतून काढणार का मला?”

सिद्धलिंग